दोन सीटची गाडी

तू आधी नुसतं ऐक. मधे 'मग?' म्हणू नकोस, 'अगं बाई' करू नकोस, मान पण हलवू नकोस, कारण तू मान हलवलीस की मला वाटतं तुला पटलंय, आणि तसं वाटलं की मी सुटतेच. तर गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी एका दोन सीटच्या गाडीत बसले होते. स्टिअरिंग माझ्या हातात. शेजारी आमच्या सेंटरच्या वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. गाडी त्यांची, विकायला काढलेली. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि माझ्या मानेच्या मागे, बरोबर केस संपतात तिथे, टिक असं वाजलं. एवढंच. टिक. मग थोडा वेळ नुसती इंजिनची घुरघुर, मग परत टिक. त्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे असतं, त्यामुळे कुणीतरी मागे बसून जिभेनं चुकचुकतंय असं वाटतं. मी डॉक्टरांना विचारलं, "तुम्हाला काही ऐकू आलं का?" ते म्हणाले, "कधी?" मी म्हटलं, "आत्ता." ते म्हणाले, "मला तर हॉर्न ऐकू येतोय, सिग्नल सुटलाय." खरंच सुटला होता. मागचा माणूस खिडकीतून हात बाहेर काढून मला काय काय सुचवत होता. मी गाडी काढली, गाडी अशी पळाली की पाठ सीटला चिकटली, आणि मी हसले. तीन आठवडे मी त्या गाडीच्या मागे होते ना, तू मला किती बोललीस त्यावरून, पण त्या एका क्षणी मला कळलं की मी ती घेणार. आणि त्याच क्षणी हेही कळलं की ती टिक मी ऐकली आहे, आता ती न ऐकलेली होणार नाही.

आता तू म्हणशील, तुझे कानच वाजत असतील. मीही तेच म्हटलं. माझं कामच तसं आहे. दिवसभर लोकांना त्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, मी काचेच्या या बाजूला, आणि एकेक बारीक आवाज सोडायचा, जाडा, मग मध्यम, मग बारीक, मग अजून बारीक. ऐकू आला की त्यांनी हातातलं बटण दाबायचं. आमची खोली इतकी गप्प असते की आपण आवंढा गिळला तरी दचकायला होतं. घरी आल्यावर मला फ्रीजमध्ये आवाज ऐकू येतात, नळात येतात, उशीत येतात. म्हणून मी स्वतःला सांगितलं, ही टिक गाडीची नाही, सकाळच्या सातव्या पेशंटची आहे, चार हजारची. चार हजार म्हणजे तो एक बारीक आवाज गं, पक्षी लांबून ओरडल्यासारखा. यंत्रांजवळ काम करणाऱ्यांचा सगळ्यात आधी तोच जातो. जाडे आवाज राहतात, बोलणं निम्मं राहतं, पण तेवढा बारीक आवाज जातो, आणि गेलेला माणसाला कळत नाही, कारण जे ऐकूच आलं नाही ते गेलं हे कसं कळणार?

पण गाडीचं दुखणं मला आधीपासून माहीत होतं, हे पण खरं. लपवत नाही. कंपनीनं सुरुवातीच्या चार वर्षांत काढलेल्या गाड्यांमध्ये इंजिनच्या मागच्या टोकाला एक बेअरिंग आहे, एवढंसं, माझ्या कानातल्याएवढं म्हण ना, आणि ते आतून कोरडं पडतं. पडलं की तुटतं, तुटलं की त्याचा चुरा सगळ्या इंजिनभर फिरतो, आणि मग ते इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. सगळ्यांचं जात नाही. शंभरातल्या आठ-दहांचं. पण कुठल्या आठ-दहांचं ते कुणाला ठाऊक नाही, आणि पुष्कळदा आधी काहीच कळत नाही, रस्त्यात चालता चालता धप्प. या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप आहे, मी रोज वाचायचे. एकानं लिहिलेलं, 'सहा वर्षं झाली, रोज किल्ली फिरवताना देवाचं नाव घेतो, गाडीमुळे मी धार्मिक झालो.' आणि तरी कुणी विकत नाही गं! शिव्या घालतात आणि सोडत नाहीत. मी ते वाचायचे आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. मी दिवसभर कुजबुजते. 'आता उजवा कान. आता डावा. झालं, छान केलंत.' मला कुणी ओरडताना ऐकलंय का? तू तरी? त्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की जो आवाज निघतो ना, तो माझ्या छातीतून निघाल्यासारखा वाटायचा. सात वर्षांत साठवलेलं सगळं त्यात घालायला निघाले होते मी. शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाची, कापडी टपाची, मागच्या बंपरला खरचटलेली एक जुनी गाडी. आई म्हणाली, "दोन सीटची? म्हणजे तू, बाबा, आणि मी टपावर?" मी म्हटलं, "आई, तिला टप पण कापडाचा आहे." तर म्हणते, "मग बरंच झालं. मी घरी थांबते. तुम्ही दोघं ढकलत या."

बाबा टीव्ही बघत होते. टीव्ही नेहमीसारखा गल्लीला ऐकू जाईल एवढा. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात, ती आमच्या घरची पद्धतच आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, एक बारीक टिक येते. मागून. थांबल्यावर." बाबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, तुला सांगू, जसं कुणी दारात आल्यावर आपण शर्टाची बटणं लावतो ना, तसं. म्हणाले, "रविवारी ऐकतो."

बाबांचं 'ऐकतो' म्हणजे काय ते तुला नीट माहीत नाही. बाबा बसच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं आहेत, हे माहीत आहे. पण तिथे त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. 'कान' म्हणतात. "कानाला बोलवा." "कान आज रजेवर आहे, उद्या या." दुरुस्त झालेली प्रत्येक बस बाहेर पडायच्या आधी बाबांसमोर चालू करतात. बाबांच्या हातात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर असतो, लाकडी मुठीचा. त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं, आणि मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचे. मग इंजिनच्या आत जे काय चाललंय ते हाडातून थेट डोक्यात येतं. एकेक जागा बदलत जायचं, इथे टेकव, तिथे टेकव, आणि मग डोळे उघडून एकच शब्द, 'जाऊ दे' किंवा 'खोला'. ते 'खोला' म्हणाले की इंजिनिअरसुद्धा वाद घालत नाही. मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला तिथे नेलेलं. मला उचलून धरलं, मूठ माझ्या कानामागे दाबली आणि म्हणाले, "आत कुणी चालतंय का बघ." आणि खरंच कुणीतरी चालत होतं गं! लोखंडी बूट घालून, एका लयीत. मी म्हटलं, "एक माणूस लंगडतोय." बाबांनी इंजिन बंद करायला लावलं, खोलायला लावलं, आणि मग मला खांद्यावर घेऊन सगळ्या वर्कशॉपभर फिरले, "माझी पोरगी, माझी पोरगी." मी कानांच्याच धंद्यात का आले असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी उत्तर देते. पण खरं कारण तो खांदा.

तर रविवारी सकाळी आम्ही डॉक्टरांच्या घरी. त्यांचं गॅरेज म्हणजे घराखालची एक अरुंद खोली. भिंतीला सायकल, रंगाचे डबे, आणि मधे ती. डॉक्टर म्हणाले, "हल्ली मला आत बसायला पाच मिनिटं आणि उठायला दोन माणसं लागतात, म्हणून विकतोय हो, नाहीतर जीव आहे माझा." बाबांनी फडक्यात गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हर काढला, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, असली हत्यारं मी दातात घालतो, तुम्ही कानाला लावता!" आणि हसले. मी हसले. आणि मग बाबा हसले. हा 'आणि मग' मी तेव्हा नीट पाहिला नाही. नंतर, त्या गॅरेजमध्येच, दोन मिनिटांनी पाहिला.

डॉक्टरांनी इंजिन चालू केलं. एवढ्याशा खोलीत तो आवाज भिंतींवर आपटून परत येत होता, डबे थरथरत होते. मागचं झाकण उघडलं. मी बाजूला उभी राहिले आणि कान लावला, आणि होती. घुरघुरीच्या वर, अगदी वर, तारेवर बसलेल्या पक्ष्यासारखी. टिक. आणि टिक. माझे कान वाजत नव्हते. ती गाडीतच होती, त्या टोकाला, त्या बेअरिंगपाशी. बाबांनी टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. पुढे सरकले. परत टेकवलं. मी श्वास धरून उभी. आता मला खरं काय हवं होतं, सांगू? त्यांनी 'जाऊ दे' म्हणावं. मला टिक ऐकू येत होती आणि तरी मला वाटत होतं त्यांनी 'जाऊ दे' म्हणावं, म्हणजे माझे कान खोटे ठरतील आणि गाडी माझी होईल. एकतीस वर्षांचा कान म्हणतोय म्हटल्यावर मी कोण? मी तोंडभर तसली इच्छा घेऊन उभी होते. आणि बाबांनी डोळे उघडले. म्हणजे बघ, मूठ अजून कानामागेच, टोक अजून इंजिनवरच, आणि डोळे उघडे. ऐकताना बाबांचे डोळे मी आयुष्यात कधी उघडे पाहिले नव्हते. ते इंजिनकडे बघत नव्हते. मागची काच वर केलेली होती, तिच्यात माझं तोंड दिसत होतं, ते त्या तोंडाकडे बघत होते. अगदी शांतपणे. वाचल्यासारखं. मग म्हणाले, "लोण्यासारखं फिरतंय. जाऊ दे."

त्या वेळी माझ्या पायाखालून काय सरकलं ते सांगते, पण त्यासाठी दीड वर्ष मागे जावं लागेल. बाबांच्या खात्याचा नियम आहे, छप्पन्न पूर्ण झाली की कानांची तपासणी, आणि चांगला शेरा आला तरच पुढची वर्षं त्याच कामावर. नाहीतर स्टोअरात. स्टोअर म्हणजे जाळीमागे बसून नट-बोल्ट द्यायचे आणि सह्या घ्यायच्या. बाबा म्हणाले, "तुझ्याकडेच येतो, बाहेर कशाला?" आमच्याकडे घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही असा लेखी नियम आहे, पण आमच्या मॅडम त्या दिवशी रजेवर, आणि मला अभिमान वाटत होता गं, बाबांना माझं काम दाखवायचं होतं. पेशंटला आम्ही नेहमी काचेकडे पाठ करून बसवतो, म्हणजे आमचा हात दिसत नाही. बाबा म्हणाले, "भिंतीकडे तोंड करून? शाळेत शिक्षा केल्यासारखं वाटतं." मी खुर्ची फिरवली. माझ्याकडे तोंड करून बसवलं. एवढंच केलं मी. आणि मग एकेक आवाज सोडत गेले, आणि बाबा प्रत्येकाला बटण दाबत गेले. जाडा, मध्यम, बारीक, सगळ्यात बारीक. कागदावरची रेघ सरळ. विशीतल्या मुलाची असते तशी. तीस वर्षं इंजिनांजवळ उभा राहिलेला माणूस, आणि चार हजारला जराही खड्डा नाही! असं नसतं. असं होतच नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. आणि एकदा तर काय झालं, माझं नाक खाजलं. मी आवाज सोडलाच नव्हता, नुसता हात वर नेला, नाक खाजवलं, आणि बाबांनी बटण दाबलं.

दिवा लागला. माझ्या टेबलावर एक छोटा दिवा आहे, बटण दाबलं की लागतो. हिरवा. मी त्या दिव्याकडे बघितलं. तो विझला. आणि मी पुढचा आवाज सोडला. तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं आठवत नाही, किंवा आठवतं पण ते सांगण्यासारखं नाही. 'चुकून दाबलं असेल.' 'घाबरलेत बिचारे.' सही केली, शिक्का मारला, बाबा मला बाहेर घेऊन गेले, आम्ही आइस्क्रीम खाल्लं. मी त्यांच्या जागी माझाच हात तपासला होता, माझी मान, माझ्या भुवया. आणि आता त्या गॅरेजमध्ये त्यांनी पुन्हा तेच केलं होतं. इंजिन ऐकलंच नव्हतं. मला काय ऐकायचंय ते बघितलं होतं आणि ते मला दिलं होतं. वडील ना. मागितलं ते दिलं.

मी म्हटलं, "एक चक्कर मारून येतो." डॉक्टर म्हणाले, "खुशाल, मी चहा टाकतो." आम्ही दोघं त्या खोलगट सीटवर बसलो, गुडघे नाकाशी, आणि मी गाडी बाहेर काढली. रविवारचा रस्ता मोकळा. मला चालवायला मजा येत होती, हे किती वाईट आहे बघ, आतून सगळं ढासळतंय आणि पाय आपोआप दाबला जातोय. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. टिक. टिक. बाबा त्यांच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायला लागले. मान पूर्ण वळवून, माझ्याकडे पाठ करून म्हण ना. आणि तसेच बाहेर बघत म्हणाले, "येतोय का आवाज?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मी बघत नाहीये तुझ्याकडे. तोंडानं सांग."

मी म्हटलं, "येतोय." मोठ्यानं म्हटलं, घरच्यासारखं. ते म्हणाले, "कसा?" मी सांगितलं, बारीक, कोरडा, दर दोन-अडीच सेकंदाला, पाय दाबला की भरभर येतो. ते ऐकत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी तू नाक खाजवलंस आणि मी बटण दाबलं. दाबलं आणि कळलं, चुकलं. म्हटलं, झालं, पकडलं पोरीनं. तू काहीच बोलली नाहीस. मग मला वाटलं, तुला चालतंय." 'तुला चालतंय.' दीड वर्ष आम्ही दोघं एका टेबलावर जेवतोय गं, आणि त्यांना वाटतंय मला चालतंय, आणि मला वाटतंय त्यांना माहीत नाही. मी विचारलं, "मग बसेस?" ते म्हणाले, "जाडं सगळं हाडातून कळतं अजून. हातालाही कळतं. बारीक असलं की मी पोरांच्या तोंडाकडे बघतो. ज्यानं काम केलंय त्याला आतून माहीत असतं, काम नीट झालंय की नाही. तोंडावर दिसतं." आणि मग, "बहुतेक वेळा दिसतं."

परत गेलो. आता पुढचं ऐक, मला अजून हसू येतं आणि रडू पण. बाबा त्या सीटमधून स्वतःला उपसून बाहेर आले, फडकं खांद्यावर टाकलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, एक टिक आहे हो. बारीक. कोरडी. दर दोन-अडीच सेकंदाला. पाय दाबला की भरभर येते. मागचं बेअरिंग बोलायला लागलंय." शब्द न् शब्द माझा. आणि तोंडानं ती टिक करून दाखवली, जीभ टाळूला लावून, इतकी हुबेहूब की मी शहारले. त्यांनी ती ऐकलेली नव्हती गं, पण कधीतरी, वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या कुठल्या इंजिनात ऐकलेली असणार, ती त्यांनी काढली आतून. डॉक्टरांच्या हातात चहाचा ट्रे. ते कसनुसे झाले. म्हणाले, "काय सांगू तुम्हाला. पाच जणांना दाखवली. एक तर मेकॅनिक घेऊन आला होता. कुणाला कळलं नाही. मला वाटलं, मीच विसरलो तर चालेल." ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही खरे कान आहात. आता काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा, मला तोंड नाही बोलायला. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत सांगा." बाबा असे ताठ उभे होते ना! दोन घोटात चहा संपवला. सहा वर्षांच्या माझ्यासारखे दिसत होते, खांद्यावर बसलेल्या.

आम्ही घरी बसनं आलो. बाबा खिडकीशी, मी शेजारी. ते बोलायला लागले ते थांबेनात. "घे ती गाडी. फुकटात पडल्यासारखी आहे. बेअरिंग मी बदलतो, अजून चुरा झालेला नाही, दोन रविवार लागतील. नवीन टाकलं की ती तुझ्या पोरांनाही पुरेल." मी म्हटलं, "बरं." ते म्हणाले, "आणि सकाळी मला सोडत जा. तुझ्या वाटेवरच आहे. दोन सीटची तर आहे, तू आणि मी. सोडलंस की पाच मिनिटं आत ये. पोरगी बाबांना सोडायला येते, कोण काय म्हणणार? उलट खूश होतील, असली गाडी बघून. सकाळी दोन-तीन बसेस असतात फार तर. तू नुसती उभी राहा. काही असलं तर मला कळेल." मी म्हटलं, "कसं कळेल?" म्हणाले, "तुझ्या तोंडावरून. मला सवय आहे." मी विचारलं, "किती दिवस, बाबा?" ते म्हणाले, "दोन वर्षं. मग रिटायर. दोन वर्षं काय, अशी जातात."

आणि आता सगळ्यात वाईट सांगते. मला आनंद झाला. एकदम, पोटातून. सकाळची थंड हवा, कापडी टप खाली, बाबा शेजारी, आणि मग ते वर्कशॉप, आणि आम्ही दोघं एका इंजिनवर वाकलेले, मला आत कुणी लंगडतंय का ते ऐकू येतंय. मला ते सगळं हवं होतं. गाडीपेक्षा जास्त हवं होतं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि बस थांब्यावर थांबली. थांबताना तिच्या पुढच्या चाकातून एक बारीक, लांबच लांब किंकाळी निघाली, सुईसारखी. समोरच्या सीटवरच्या शाळकरी मुलीनं दोन्ही कानांत बोटं घातली. एक म्हातारे गृहस्थ दांडीला धरून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, एका दुकानाची पाटी वाचत होते, अगदी मजेत. त्या बसला कुणी 'जाऊ दे' म्हटलं होतं हे मला माहीत नाही. तीन-चार वर्कशॉप आहेत शहरात, कुठलीही असेल. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघितलं. आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "कुठे काय." ते परत पाटी वाचायला लागले. इतक्या पटकन मला ते जमलं. तोंड कसं ठेवायचं ते इतक्या पटकन जमलं, की मलाच भीती वाटली. म्हणजे उद्यापासून मी कधी कंटाळले, कधी चिडले, कधी मला सर्दी झाली, कधी मी फोनमध्ये बघत राहिले, तर बसचं काय ते माझ्या तोंडावर ठरणार.

काल दिवसभर मी काही केलं नाही. म्हणजे सेंटरला गेले, कुजबुजले, आवाज सोडले. एक कोरा फॉर्म काढला, बाबांचं वय लिहिलं, आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बघितली. खरी तपासणी लिहिली तर बाबा जाळीमागे बसणार, आणि आधीची सही माझी, म्हणजे मी पण घरी. ते ठीक आहे, घरी बसेन, दुसरं काहीतरी बघेन. पण जाळीमागून नट-बोल्ट देणारे बाबा, आणि बाहेर कुणीतरी ओरडतंय, "ओ, बारा नंबरचा मागितलाय, ऐकू येत नाही का?", ते मला बघता येणार नाही. आणि गाडी नको म्हटलं तर? काहीच नाही, सगळं आहे तसं, बाबा पोरांच्या तोंडाकडे बघत राहतील. बहुतेक वेळा दिसतं म्हणतात. गाडी घेतली तर निदान मी तिथे असेन, आणि माझे कान चांगले आहेत, मग त्यात वाईट काय, असंही मी दहा वेळा स्वतःला सांगून झालंय, आणि प्रत्येक वेळी मला ती बोटं घातलेली मुलगी दिसते. काल संध्याकाळी डॉक्टरांना मी फोन केला आणि एक दिवस अजून मागितला. ते म्हणाले, "हो हो, सावकाश. वडिलांना विचारा." घरी आले तर बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले. समोर पान्हे, ग्रीसचा डबा, आणि वर्कशॉपमधल्या कुणाकडून तरी मागून आणलेलं ते नवीन बेअरिंग. खरंच कानातल्याएवढं आहे. त्यांनी ते माझ्या कानाशी धरलं, बोटानं फिरवलं आणि म्हणाले, "सांग, कसं वाटतंय?" आणि मी काही बोलायच्या आत माझ्याकडे बघून हसले.

आता बोल. मान हलवलीस तरी चालेल. तू काय केलं असतंस?